मान की मनगट? एकाच हाताची नस दोन ठिकाणी दबते तेव्हा

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

००:०० सुरुवात

आजचा विषय आहे हाताला येणाऱ्या मुंग्या. आपले बरेच श्रोते भोर-वेल्ह्याकडचे. स्वतः पुण्यात नोकरीला, आईवडील गावी. रविवारी फोन लावला की तिकडून ठरलेली वाक्यं येतात. "रात्री हात बधिर होतो रे." "मुंग्यांनी जाग येते." "डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आहे." आणि दोन महिन्यांनी दुसरे डॉक्टर म्हणतात, "मानेचं काही नाही, मनगटात नस दबलीय." मग घरात प्रश्न पडतो, खरं कोण बोलतंय?

आजच्या एपिसोडचं म्हणणं एवढंच, की कधीकधी दोघंही खरं बोलत असतात. एकाच हाताच्या नसा मानेतही दबलेल्या असू शकतात आणि मनगटातही. याला 'डबल क्रश' म्हणतात. आणि एकच जागा पाहून उपचार केला तर पैसे जातात, लावणीचा हंगाम जातो आणि त्रास अर्धा तसाच राहतो.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही. हे ऐकून घरी निदान करायचं नाहीये. डॉक्टरांकडे गेल्यावर नेमकं काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते कळावं म्हणून हा एपिसोड.

०१:२० आधी वायरिंग समजून घेऊ

आपल्याकडे 'नस' किंवा 'शीर' हा शब्द सगळ्यालाच वापरतात. रक्तवाहिनी, स्नायू, सगळं नसच. आज नस म्हणजे फक्त मेंदूचे निरोप नेणारी-आणणारी तार.

मानेत मणके सात, पण त्यातून बाहेर पडणाऱ्या नसांच्या जोड्या आठ. त्यातल्या खालच्या चार आणि छातीतली पहिली, अशा पाच मुळांपासून हाताच्या नसा तयार होतात. ही मुळं गळ्याच्या बाजूला एकमेकांत मिसळतात, गळपट्टीच्या हाडाखालून काखेत येतात आणि तिथून वेगवेगळ्या नावाने पुढे जातात. आपल्याला आज दोन नावं पुरेत.

पहिली मेडियन. ही मनगटाच्या मधोमध एका अरुंद बोगद्यातून तळहातात शिरते. या बोगद्याला कार्पल टनेल म्हणतात. खाली हाडं, वर एक जाड पट्टा, आणि मध्ये बोटं ओढणाऱ्या नऊ दोऱ्यांसोबत ही एक नस. दोऱ्यांभोवती थोडी जरी सूज आली तरी दाब नसेवरच येतो. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग हिच्याकडे.

दुसरी अल्नर. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ही. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग हिच्याकडे. ही बहुतेकदा कोपरात दबते.

आता गोंधळ कुठे होतो बघा. मानेतलं सहावं मूळ दबलं तर अंगठा आणि पहिलं बोट बधिर होतं. सातवं दबलं तर मधलं बोट. म्हणजे मानेतल्या दाबाची बोटं आणि मनगटातल्या दाबाची बोटं जवळजवळ तीच. आठवं दबलं तर करंगळी, म्हणजे ते कोपरासारखं दिसतं. तक्रार एक, जागा दोन. चुकामूक होते ती इथेच.

०३:३० दोन ठिकाणी दाब, म्हणजे नेमकं काय?

ही कल्पना मांडली ॲड्रियन अप्टन आणि ॲलन मॅककोमास या दोघांनी, १९७३ मध्ये, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात. त्यांनी मनगटात किंवा कोपरात नस दबलेले ११५ रुग्ण तपासले. त्यातल्या ८१ जणांमध्ये त्यांना मानेतही नसेच्या मुळाला इजा असल्याची चिन्हं दिसली. म्हणजे दहात सात. त्यांचा अंदाज असा, की एका ठिकाणी दबलेली नस दुसऱ्या ठिकाणच्या थोड्याशा दाबानेही कुरकुरायला लागते.

का? कारण नस ही नुसती तांब्याची तार नाही. तिच्या आत मालवाहतूक चालते. हालचालीच्या नसांच्या पेशी मानेतल्या मज्जारज्जूत असतात आणि त्यांच्या तारा थेट बोटांपर्यंत जातात. वाटेत कुठेही नवा माल बनवायची फारशी सोय नाही. प्रथिनं वगैरे सगळं वरून खाली पाठवावं लागतं. यातला जलद माल दिवसाला साधारण ४०० मिलिमीटर जातो, म्हणजे मानेपासून बोटांपर्यंत दोन-तीन दिवस. संथ माल दिवसाला एखाद-दोन मिलिमीटरच सरकतो.

भोरच्या माणसाला हे पाण्यावरून पटकन कळेल. भाटघरमधून सोडलेलं पाणी नीरेतून वीरला जातं आणि तिथून कालव्याने बारामतीकडे. वर थोडा गाळ साचला तर पाणी कमी येईल, पण पीक तगेल. खाली कुठे थोडा साचला, तरी तगेल. दोन्हीकडे एकदम साचला तर शेवटच्या वावराला पाणी पोचणार नाही. आणि शेवटचं वावर म्हणजे आपली बोटं.

पण इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. या कल्पनेवर डॉक्टरांमध्ये वाद आहे. १९९७ मध्ये विल्बर्न आणि गिलियट या दोघांनी यावर कडक टीका केली. स्पर्शाच्या नसांच्या पेशी मज्जारज्जूत नसतात, त्या मणक्याच्या खिडकीपाशी एका गाठीत असतात. डिस्क बहुतेकदा या गाठीच्या आतल्या बाजूला दाबते. मग तिच्यामुळे बाहेरच्या, हाताकडे जाणाऱ्या मालवाहतुकीत अडथळा कसा येईल? प्रश्न बिनतोड आहे. त्यामुळे 'मानेमुळेच मनगट बिघडलं' असं ठामपणे म्हणता येत नाही. पण एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात, हे दोन्ही बाजू मान्य करतात. आणि आपल्याला घरात निर्णय घ्यायला तेवढं पुरतं.

०६:०० हा फक्त आयटीवाल्यांचा आजार नाही

कार्पल टनेल म्हटलं की डोळ्यांसमोर लॅपटॉप येतो. खरं तर कीबोर्डचा आणि या आजाराचा संबंध तितका पक्का नाही. पक्का संबंध आहे तो जोर लावून, पुन्हापुन्हा, मनगट वाकवून केलेल्या कामाशी आणि थरथरणाऱ्या यंत्रांशी.

आता आपल्या भागातलं काम आठवा. आषाढात चिखलात कमरेतून वाकून दिवसभर भाताची लावणी. मान खाली, मनगट वाकलेलं, चिमटीत रोप. दिवाळीच्या सुमाराला विळ्याने कापणी, मग झोडणी. रोज दोन वेळा गाई-म्हशीची धार. डोक्यावर गवताचा भारा किंवा पाण्याचा हंडा, ज्याचं सगळं वजन मानेवर. घरातला एखादा भाऊ शिरवळच्या कंपनीत शिफ्टमध्ये हातात ग्राइंडर धरून. मान आणि मनगट दोन्हीवर एकदम ताण, तोही वर्षानुवर्षं. लॅपटॉपवाल्याचा दिवस याच्यापुढे सोपाच म्हणायचा.

मोबाइलचं काय? २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सर्जनने गणित मांडलं, की सरळ उभं असताना डोक्याचा भार पाचेक किलो, पण ६० अंशांत मान वाकवली की मानेवर सुमारे २७ किलोइतका ताण येतो. ते कॉम्प्युटरवरचं गणित आहे, मोबाइलने नस दबते असं त्यातून सिद्ध होत नाही. पण लावणीच्या वाकलेल्या मानेचा विचार करायला ते उपयोगी आहे.

शिवाय काही गोष्टींनी नस आधीच अशक्त होते. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, बी-१२ ची कमतरता. गरोदरपणात अंगावर सूज येते, त्यामुळेही मनगटात दाब वाढतो. बायकांमध्ये कार्पल टनेल पुरुषांपेक्षा जास्त दिसतं.

०८:०० मान की मनगट: काय ऐकायचं, काय बघायचं

समजा, वेल्ह्याकडची पंचेचाळिशीची एक मावशी आहे. उजवा हात बधिर होतो. तिला फोनवर हे प्रश्न विचारा.

एक, "मावशी, रात्री जाग येते का? हात झटकला की बरं वाटतं का?" हो असेल तर मनगटाचा संशय वाढतो. मनगटाच्या दाबात हात झटकायची सवय फार जणांना असते.

दोन, "मान वळवली, वर बघितलं की हातात कळ जाते का? फऱ्याजवळ दुखतं का?" हो असेल तर मान. हात डोक्यावर ठेवून बसलं की बरं वाटतं, हेही मानेचं लक्षण.

तीन, "नेमकी कोणती बोटं?" इथे मोबाइल कामाला येतो. तिला म्हणा, बधिर भागावर पेनाने रेघा मार आणि फोटो पाठव. अनामिकेचा अर्धाच भाग बधिर असेल, तर बिघाड बहुधा खाली मनगटात किंवा कोपरात. तळहाताचा बुडखा, म्हणजे अंगठ्याखालचा मांसल भाग, स्पर्शाला ठीक असेल तरी मनगटाकडे बोट जातं, कारण त्या कातडीची बारीक फांदी बोगद्यात न शिरता वरून जाते.

चार, "हातातून कप सुटतो का? वेणी घालताना, बटण लावताना जड जातं का?" आणि दोन्ही तळहातांचा शेजारी-शेजारी फोटो मागवा. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा एका हातावर सपाट दिसत असेल, तर थांबायचं नाही. तो स्नायू वाळला की पूर्ण परत येईलच असं नाही.

मावशीने पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही प्रश्नांना हो म्हटलं, तर आपला आजचा विषय सुरू होतो.

१०:०० डॉक्टर काय तपासतात

चांगली तपासणी मानेपासून सुरू होऊन बोटांच्या टोकाला संपते. मनगट एक मिनिट वाकवून धरायला सांगतात, ती फेलेनची चाचणी. मनगटावर बोटाने टिचकी मारून झिणझिण्या येतात का बघतात, ती टिनेलची. बोगद्यावर अंगठ्याने तीस सेकंद दाब देऊन बघतात. कोपरातली नस चाचपतात. मान एका बाजूला कलवून वरून हलका दाब देतात, ती स्पर्लिंगची. ही शेवटची घरी कुणी कुणावर करून बघू नका. मग हातोडीने रिफ्लेक्स, आणि प्रत्येक स्नायूचा जोर.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी, कुष्ठरोग. कोपरातली नस जाड होणं, करंगळी बधिर होणं, अंगावर बधिर चट्टा असणं, हे त्याचं रूप असू शकतं. लाज वाटायचं कारण नाही. सरकारी दवाखान्यात त्याची औषधं मोफत मिळतात, आणि वेळेत घेतली तर नस वाचते.

रक्ताच्या तपासण्या स्वस्त आहेत आणि आधी कराव्यात. साखर, थायरॉइड, बी-१२.

मग एनसीव्ही. बारीक करंट देऊन नसेतून निरोप किती वेगाने जातो ते मोजतात. मनगटातून जाताना वेग पडला, तर बोगद्यात दाब आहे. यातली गंमत अशी, की फक्त मानेत मूळ दबलं असेल तर स्पर्शाची एनसीव्ही बऱ्याचदा नॉर्मल येते, कारण मगाशी सांगितलेली ती गाठ दाबाच्या बाहेर, शाबूत असते. म्हणून मानेचा संशय असेल तर ईएमजीही लागते. त्यात स्नायूत बारीक सुई घालून बघतात. एकाच मुळाचे, पण वेगवेगळ्या नसांचे स्नायू बिघडलेले दिसले, तर मूळ मानेत आहे हे पक्कं होतं.

आणि एमआरआय? इथे जरा सावध. २०१५ मध्ये जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांच्या मानेचे एमआरआय छापून आले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या डिस्क फुगलेल्या दिसल्या. पुन्हा वाचा, त्रास नसलेल्या लोकांच्या. म्हणजे चाळिशीपुढच्या जवळपास कुणाचाही एमआरआय काढला तर 'गॅप' सापडेल. रिपोर्टमधला गॅप हा केसातल्या पांढऱ्या केसासारखा असू शकतो. वयाचा आहे, आजाराचा असेलच असं नाही.

म्हणून डबल क्रश म्हणण्याआधी दोन्ही जागांसाठी वेगवेगळा पुरावा हवा. तक्रार, हाताने केलेली तपासणी आणि रिपोर्ट, तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतायत का? मनगटासाठी एकदा विचारायचं, मानेसाठी पुन्हा एकदा. आम्ही कोडमधला बग शोधतो तेव्हा एक बग सापडला म्हणून थांबत नाही, आणि लॉगमध्ये लाल ओळ दिसली म्हणजे तोच बग असंही धरत नाही. इथे तेच.

१३:०० उपचार: आधी कमी जोखमीचे

मनगटासाठी पहिली पायरी म्हणजे रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा. किमान सहा आठवडे, रोज. चार दिवस लावून फरक नाही म्हणून सोडू नका. खरेदी करताना मनगट मागे वाकवणारा नको, सरळ ठेवणारा हवा. पुढची पायरी बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याने पहिल्या काही आठवड्यांत पट्ट्यापेक्षा जास्त आराम पडतो, पण तो टिकेलच असं नाही. त्यानंतर ऑपरेशन. त्यात तो वरचा जाड पट्टा कापून बोगदा मोकळा करतात. बहुतेकदा फक्त हात बधिर करून होतं, त्याच दिवशी घरी.

मानेसाठी आशेची गोष्ट अशी, की मानेत मूळ दबलेले बहुतेक लोक काही आठवडे ते काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात. वेदना कमी करणारी औषधं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, ओझं थांबवणं. गळ्यातला पट्टा फार दिवस लावला तर मानेचे स्नायू ढिले पडतात, म्हणून तो डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. आणि जत्रेत किंवा सलूनमध्ये मान कडकड मोडून घेणं तर नकोच.

दोन्हीकडे दाब असेल तर आधी काय? मज्जारज्जूवर दाब असेल तर मान आधी, त्यात वाद नाही. तसं नसेल, तर बऱ्याचदा दोन्हीकडचे साधे उपचार एकदम सुरू करतात, कारण रात्रीचा पट्टा आणि मानेचे व्यायाम एकमेकांच्या आड येत नाहीत. ऑपरेशनची वेळ आलीच, आणि मनगटाचा पुरावा ठोस असेल, तर मनगटाचं लहान ऑपरेशन आधी करून मानेला वेळ देतात. पण त्याआधी डॉक्टरांना हा प्रश्न विचारा: "साहेब, यातला किती त्रास मनगटाचा आणि किती मानेचा? ऑपरेशननंतर काय जाईल आणि काय राहील?" हे आधी बोललं गेलं नाही, तर उरलेला त्रास बघून घरचे म्हणतात, "ऑपरेशन फेल गेलं." प्रत्यक्षात ऑपरेशनने आपलं काम केलेलं असतं, दुसरी जागा तशीच राहिलेली असते.

धीरही लागतो. दबलेली नस मोकळी झाली की मुंग्या लवकर कमी होऊ शकतात. पण तुटलेले तंतू पुन्हा वाढायचे असतील तर वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत हिशोब केला तर काही महिने लागतात.

१५:१० थांबायचं नाही अशी लक्षणं

चालताना तोल जातो, दोन्ही हातांनी बटण लागत नाही, लघवीवर ताबा राहत नाही. हा मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो, लगेच मोठ्या रुग्णालयात. हाताचा जोर दिवसागणिक कमी होतोय, किंवा पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालंय, किंवा सोबत ताप आणि वजन घटतंय, तरीही लगेच. अचानक एका बाजूचा हात लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, किंवा हातासोबत छातीत दाब आणि घाम, तर ही नस दबल्याची गोष्टच नाही. १०८ ला फोन करा.

१६:०० मावशीसाठी करायच्या गोष्टी

गावाहून पुण्याला पन्नास-साठ किलोमीटर येणं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि जनावरांची सोय. त्यामुळे फेरी वाया जाऊ द्यायची नाही. आधी भोर किंवा वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवून रक्ताच्या तपासण्या करून घ्या. बोटांचे फोटो, चार प्रश्नांची उत्तरं, आधीचे सगळे रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका फोल्डरमध्ये ठेवा. एनसीव्ही-ईएमजी लागली तर ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात, आणि तिथे एकाच फेरीत मान आणि मनगट दोन्ही तपासायला सांगा. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि कामाचं. "मावशी, काम बंद कर" हा सल्ला कुणी पाळत नाही, जुलैत तर नाहीच. पण लावणीत तासाभराने पाच मिनिटं सरळ उभं राहणं, धार काढायला एक वेळ दुसऱ्या कुणी बसणं, डोक्यावरचा मोठा भारा दोन लहान भाऱ्यांत करणं, विळ्याची मूठ कापड गुंडाळून जाड करणं, हे होण्यासारखं आहे. त्यातली एक वेळची धार आपण गावी गेल्यावर काढू शकतो, हेही सांगून ठेवतो.

हा एपिसोड ज्यांना उपयोगी पडेल त्यांना पाठवा. त्यांना ऐकायला वेळ नसेल तर निदान ते चार प्रश्न तुम्ही फोनवर विचारा. पुढच्या वेळी याच मालिकेत कंबर आणि पाय. तोपर्यंत मान वर करा, फोन खाली ठेवा. भेटू!